हिरव्या माणसाची वाट

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी बालवाडीत शिकवू लागलो. त्याआधीची तीस वर्षे मुद्रितशोधनात गेली होती. तिथे माझा संबंध माणसांपेक्षा अनुस्वारांशी अधिक होता आणि तो आम्हा दोघांनाही सोयीचा होता. छापखाना बंद झाला, तेव्हा तळवड्यातल्या बालवाडीच्या मुख्य बाईंनी मुलांना गोष्टी सांगायला याल का, असे विचारले. नकारासाठी पुरेसे सौम्य शब्द मी शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी होकार गृहीत धरला. तिथल्या इतर दोघीही बाईच असल्यामुळे मुलांनी मलाही बाई म्हणायला सुरुवात केली. मी दुरुस्ती सुचवली नाही. तीस वर्षे दुरुस्त्या सुचवल्यानंतर एवढी सवलत घ्यायला हरकत नव्हती.

रस्ता सुरक्षेचा आठवडा आला, तेव्हा तो विषय माझ्याकडे आला, कारण इतर दोघींना मुलांची नाके पुसायची होती. मी स्टेशनरीच्या दुकानातून वाहतुकीच्या नियमांचा तक्ता आणला. जमिनीवर खडूने पांढरे पट्टे आखले. बुटांच्या खोक्याला तीन भोके पाडून सिग्नल केला आणि खालच्या भोकात चालणारा हिरवा माणूस चिकटवला. मग खेळ सुरू झाला. चौदा मुलांपैकी अकरा जणांना ट्रक व्हायचे होते, दोघांना कंपनीची बस. पादचारी व्हायला एकटीच तयार झाली, चार वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी. हिरवा माणूस दिसेपर्यंत ती श्वास रोखून उभी राहिली आणि तो दिसताच पट्ट्यांवरून अशी चालली, की मला माझ्या अध्यापनाचा अभिमान वाटला. त्या भरात मी सर्वांना शपथही दिली. शपथेचा पहिला खर्डा ‘हरित दीप प्रज्वलित झाल्याविना’ असा होता. तो ऐकून एका सहकारी बाईंनी कपाळाला हात लावला, म्हणून शेवटी ‘हिरवा माणूस दिसल्याशिवाय पाऊल टाकणार नाही’ एवढ्यावर भागवले.

त्या मुलांच्या रस्त्यावर सिग्नल नाही. तो कधी नव्हताच. मी रोज त्याच रस्त्याने येत होतो. पण तक्त्यात सिग्नल होता आणि छापील मजकुरावर विश्वास ठेवण्याची माझी जुनी खोड होती.

तीन दिवसांनी त्या मुलीची आई बालवाडी सुटताना आली. चाकणकडच्या एका कारखान्यात ती कंत्राटी कामगार होती. अंगावर अजून कंपनीचा निळा शर्ट होता.

“सर, काय शिकवलंय हो तुमी हिला?”

“रस्ता ओलांडायला,” मी काहीशा विनयाने म्हणालो.

“वलांडतीय कुठं? उभीच राहतीय! हिरवा माणूस येऊ दे म्हणतीय. आपल्या रस्त्याला कुठाय हिरवा माणूस?”

रोज सकाळी मुलीला रस्त्यापलीकडे मावशीकडे सोडायचे आणि तिथूनच कंपनीची बस पकडायची, असा तिचा क्रम होता. दोन दिवस बस चुकली होती.

“उचलून न्यावं म्हणलं, तर मधोमध अशी पाय झाडाया लागली, की टेम्पोवाल्यानं कचकन ब्रेक मारला. जीव गेला असता दोघींचा. आणि उद्या बस चुकली, तर सुपरवायझर मला गेटवरनंच परत पाठवणार.”

मुलगी आईच्या शर्टाचे टोक धरून माझ्याकडे अपेक्षेने पाहत होती. मी लेखी सूचना देऊ का, असे विचारले.

“तिला वाचता येत न्हाई, सर,” आई म्हणाली. “उद्या सकाळी तुमीच या. तुमचंच ऐकती ती.”

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी रस्त्याकडेला उभा होतो. समोरून कांद्याचे ट्रक, ट्रेलर आणि बसगाड्या जात होत्या. पलीकडे बसच्या थांब्यावर निळ्या शर्टांची रांग होती. मी रात्री तयार केलेली प्रस्तावना सुरू केली: “हे बघ बाळ, ज्या ठिकाणी सिग्नलची सोय उपलब्ध नसते, त्या ठिकाणी...”

“मग तो आज येणार आहे का?” मुलीने विचारले.

“सर, लवकर आवरा, बस येतीय,” आई म्हणाली. मग तिलाच राहवले नाही. “हे बघ, आमच्या कंपनीत माल उचलायच्या फोर्कलिफ्टच्या वाटेवर असं करत्यात.” ती थांबली, उजवा हात खांद्यापासून ताठ लांब केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “उजवीकडं मोकळं!” मग डावीकडे हात. “डावीकडं मोकळं! पुन्हा उजवीकडं मोकळं! मग चला. हात दावून, मोठ्यानं बोलल्याशिवाय पिवळी पट्टी वलांडायची न्हाई. डोळे नुसते बघितल्यासारखं करत्यात, तोंडानं बोललं की खरंच बघावं लागतं.”

तीस वर्षांच्या वाचनात इतके नेमके विधान माझ्या वाट्याला क्वचितच आले होते. मुलीवर मात्र परिणाम झाला नाही.

“हे बाईंनी नाही शिकवलं,” ती म्हणाली. “बाई, तुम्ही करा.”

चहाच्या टपरीवरची सात-आठ माणसे आमच्याकडे पाहू लागली होती. मी कोपर अंगाला चिकटवून हात थोडासा पुढे केला आणि उजवीकडे मोकळे असल्याचे पुटपुटलो. मोकळे नव्हते. एक डंपर धूळ उडवत गेला.

“मोकळं नव्हतं!” मुलगी म्हणाली. “आणि ऐकू पण नाही आलं!”

पलीकडच्या रांगेतून एक जण ओरडली, “सर, हात ताठ करा की! क्वालिटीवाले बघायलेत!” सगळी रांग हसली. लांबून बस येताना दिसली. आईने माझ्याकडे पाहिले.

मग मी हात ताठ केला, खरोखर पाहिले आणि ओरडलो, “उजवीकडे मोकळं!” आवाज चिरकला. डावीकडे ओरडलो. पुन्हा उजवीकडे. मुलीनेही इवलासा हात लांब केला, प्रत्येक दिशा माझ्यामागून तपासली आणि मगच पाऊल टाकले. तिघे ओलांडून गेलो. आईने तिला मावशीच्या दारात सोडले आणि ती बसच्या पायरीवर चढली. दार लागण्याआधी वळून एवढेच म्हणाली, “उद्यापास्नं करंल ती.”

बस गेली. मी पलीकडच्या बाजूला राहिलो आणि बालवाडी अलीकडे होती. आता रस्ता ओलांडणाऱ्या चार माणसांत मिसळून निमूटपणे परत जावे, असा विचार मनात आला. पण मुलगी मावशीच्या उंबऱ्यावर उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मावशी तिला आत ओढत होती आणि मी परत रस्ता कसा ओलांडतो, ते पाहिल्याशिवाय ती आत जायला तयार नव्हती. तेव्हा मी टपरीकडे न पाहता उजवा हात ताठ लांब केला आणि रस्ता मोकळा असल्याचे सगळ्या तळवड्याला सांगितले.