नांगर घसरला असेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी साखर वाढलेली माझ्याआधी कळते. तुम्हाला का सांगतोय? भीती एकट्याने सांभाळून थकलो असेन.

मी चिपचे आराखडे करतो. रत्नागिरीत राहून असलं काम करतो म्हणून माझा सत्कारही झालाय. शाल अजून पिशवीतच आहे. सत्कार होता मच्छीमार होड्यांवरच्या एका डब्याबद्दल. होडी अडचणीत आली की बटण दाबायचं. ती कुठे आहे ते आसपासच्या होड्यांच्या डब्यांवर उमटतं. वाटेत वाऱ्यापावसात संदेश बिघडतो, म्हणून त्यासोबत जादा खुणा पाठवतात. ऐकणाऱ्या डब्यातली माझी चिप त्या खुणा ताडून चुका दुरुस्त करते — फेरीमागून फेरी. फेऱ्या वाढल्या की बॅटरी संपते. मी फेऱ्या कमी केल्या. इथवर ठीक — सगळेच करतात.

पण शेवटी एक तपासणी असते. दुरुस्ती जमली नसेल, तर डब्याने सरळ 'कळलं नाही' म्हणायचं. फेऱ्या कमी केल्यामुळे उद्घाटनाच्या तालमीत तो सारखा तेच म्हणायला लागला. मंत्री येणार, मंडप घातलेला — आणि डबा म्हणतो, कळलं नाही! व्यासपीठावर असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे का?

मी ती तपासणी काढून टाकली.

मग डबा कधी अडला नाही. खरं असो, खोटं असो, काहीतरी ठिकाण दाखवायचाच. भाषणांत त्याला जलद आणि काटकसरी म्हणाले. तपासणी नंतर परत घालू, असं मी स्वतःला सांगितलं. घातली? नाही.

पुढे सदानंद तांडेलाची होडी दाभोळच्या बाहेर बंद पडली. सदानंद माझ्या वर्गातला. त्याने बटण दाबलं. इतर होड्यांच्या डब्यांनी दाखवलेल्या जागी माणसं गेली — तिथे नुसतं पाणी. तो आणि त्याचे खलाशी दुसऱ्या दिवशी एका परक्या ट्रॉलरला दिसले, म्हणून वाचले.

जेटीवर तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "नांगर टाकलेला मी. जाग्यावरनं हललो नाय."

"नांगर टाकलान, का नुसतं देवाला गाऱ्हाणंच घातलान?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. सदानंद माझ्याकडे वळला. "डबा चुकतो काय रे तुझा?"

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी म्हणालो —

"डबा नाही चुकत. नांगर घसरला असेल."

त्याने नांगर टाकणाऱ्या आपल्या हातांकडे पाहिलं.

आता सुकाणू त्याच्या धाकट्या भावाकडे आहे. सदानंद किनाऱ्यावर बसून जाळी सांधतो. डबे तेच आहेत, प्रत्येक होडीवर. वारा उठला की मनात येतं — आज कोण बटण दाबेल, आणि कुणाला कुठे पाठवेन मी?

आज सकाळीही वारा होता. होडी सुटताना सदानंद भावाला बजावत होता, "कुणी बटण दाबलं तर तुझं डोकं चालवू नको. डबा सांगेल तिकडंच जा."

मी शेजारीच उभा होतो. होडीचा दोर मीच सोडला.