कुसुमचा रोडगा

परवा नातू मला शेतावर रोडगे पार्टीला घेऊन गेला. पानातला कणकेचा जाड रोडगा फोडला, गोवरीच्या राखेचा वास आला आणि घास तोंडात फिरायला लागला.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही वडनेरला होतो. चैत्रात मारुतीच्या देवळापुढे अख्ख्या गावाचे रोडगे गोवऱ्यांच्या एकाच आरात भाजत. सोबतच्या भाजीची वांगी ज्याच्या त्याच्या सांदवाडीतली, घरामागच्या परसातली. आई आमची वांगी न्हाणीच्या पाण्यावर जगवायची. आपला रोडगा ओळखू यावा म्हणून त्यावर काहीतरी खूण करत. माझी धाकटी बहीण कुसुम त्या वर्षी तापाने फणफणलेली. आईने कणकेचा गोळा तिच्या अंथरुणापाशी नेला. तिने त्यात बोट खुपसलं.

"हा माहा रोडगा. कोणाले देऊ नोको."

रोडगे भाजून निघायच्या आत कुसुम गेली.

शेजारच्या काकूंनी तिचा रोडगा घरी आणून दिला, राख झटकलेला, कोमट, बोटाची खळी तशीच. आईला तो टाकवेना. तिने तो वांग्यांच्या वाफ्यात पुरला. मी लहान. पुरलं की उगवतं, एवढंच मला ठाऊक. रोज तांब्याभर पाणी तिथे घालायची. आई दारातून बघत राहायची, अडवायची नाही.

एका संध्याकाळी तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. "पुरे कर बाई. ते काई उगवत नाई."

तेव्हा तिचा फार राग आला होता. आता कळतं, तोवर तीही वाट बघत होती.