धवलेरीची प्रस्तावना

डहाणू-तलासरीकडे कोणाचंही पुस्तक निघो, प्रस्तावना गोविंदरावांचीच. घोलवडच्या चिकूवाडीत राहणारे हे निवृत्त गुरुजी नव्या लेखकांना हमखास ऐकवत, "प्रस्तावना म्हणजे पुस्तकाचा उंबरठा!" स्वतः मात्र उंबरठ्यावरूनच परतत. शीर्षक बघायचं, लेखकाचं मनोगत चाळायचं आणि चार पानं लिहून मोकळं व्हायचं. अठरा पुस्तकं अशी पार पडली. कोणी हटकलं नाही, कारण प्रस्तावना वाचतो कोण?

एकोणिसावं पुस्तक कैनाडच्या वर्षाचं, त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीचं. नाव 'धवलेरी'. यावेळी गुरुजींनी मनोगतही चाळलं नाही. धवल म्हणजे शुभ्र, म्हणजे कविताच असणार. समुद्राचा शुभ्र फेस, चांदणं, कवयित्रीचं निर्मळ मन असं झोकात लिहून त्यांनी मजकूर थेट छापखान्यात धाडला. गुरुजींचं लिखाण तपासायचं कोणी?

छापलेली प्रत घ्यायला ते कैनाडला गेले. वर्षाने पुस्तक हातात दिलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी सहज मधलं पान उघडलं आणि त्यांची कानशिलं तापली. वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणत लग्न लावते ती बाई, धवलेरी. पुस्तकभर वर्षाच्या आजीची, नवशीची गाणी होती. गुरुजींनी कैनाडच्या शाळेत बावीस वर्षं काढली होती, मांडवात बसून कितीतरी लग्नं जेवले होते. समोर गाणाऱ्या बाईला काय म्हणतात, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

नवशी ओट्यावरच बसली होती. तिला वाचता येत नव्हतं.

"वर्षे, गुरुजींनी माझं काय लिवलंय? वाच ना."

गुरुजी 'नको' म्हणणार, तोवर वर्षाने प्रस्तावनेचं पान उघडलं.

"'नवशी धवलेरीने शेकडो लग्नं लावली. पोटात लेकरू होतं तेव्हाही घसा बसेस्तोवर गायली. तिने गायल्याशिवाय लग्न लागत नाही.'"

यातली एकही ओळ त्या पानावर नव्हती.

म्हातारीचे डोळे भरून आले. "गुरुजी, येवढं ध्यानात ठेवलंत!" म्हणत तिने हात जोडले. गुरुजींचे हात मात्र मांडीवरून उचलेनात.

"आन् खाली नाव कोणाचं हाय?"

"गुरुजींचं," वर्षा म्हणाली.