गायकवाड सरांची सुई

गायकवाड सर पेशंटचा पाय तपासायचे तेव्हा पायाकडे बघायचेच नाहीत. पेशंटला उताणं झोपवायचं, गुडघा न वाकवता पाय हळूहळू वर उचलायचा आणि नजर सगळा वेळ त्याच्या तोंडावर. ओठ आवळले गेले की हात तिथेच थांबायचा. मी तेव्हा नवीन होते. न राहवून विचारलं, तर म्हणाले, "सिस्टर, पाय गप्प असतो. दुखणं तोंडावर वाचायचं." श्रीरामपुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, त्या नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सर तिथले हाडांचे डॉक्टर होते.

आमच्याकडे सायटिकाचे पेशंट फार. कमरेतली शीर दबते आणि कळ पार पायाच्या बोटांपर्यंत जाते. कारखान्यात पोती उचलणारे, उसाचे ट्रॅक्टर चालवणारे, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायका, कुणी पाठीवर यायचं, कुणी बाजेवर. सर स्टिरॉइडची सुई द्यायचे आणि माणूस पंधरा दिवसांत, महिन्यात चालायला लागायचा. कोपरगावपासून सुप्यापर्यंत 'सुईवाले डॉक्टर' म्हणून नाव झालं होतं. दवाखान्याच्या बाकड्यांवर बसायला जागा नसायची. मलाही काय कमी तोरा होता? बाजारात भाजीवाली मला 'सुईवाल्या डॉक्टरांची सिस्टर' म्हणून दोन मिरच्या जास्त घालायची.

आणि या माणसाला भलतंच सुचलं! एकदा दुपारी चहा घेताना म्हणाले, "सुई दिली, माणूस बरा झाला, हे बघितलं. न देता किती बरे झाले असते, ते कधी बघितलंच नाही." मी म्हटलं, सर, चांगलं चाललंय ते चालू द्या, उगाच कशाला खाजवून खरूज काढताय. ते हसले. सर सुप्याकडच्या एका खेड्यातले, बौद्ध घरातले. वडील लवकर गेले, आईने दुसऱ्यांच्या रानात खुरपून शिकवलं. "तपासल्याबिगर कुणाच्या पाया पडायचं न्हाई," असं त्यांची आई म्हणायची. सरही ते आईच्याच बोलीत म्हणून दाखवायचे, आणि ते एकदा म्हटलं की पुढे कुणाचं काही चालायचं नाही.

मग रीतसर परवानगी आणली. पेशंटचे तीन गट केले. एकाला स्टिरॉइड, एकाला सूज उतरवणारं दुसरं एक औषध, एकाला नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या वाट्याला काय येईल ते चिठ्ठीवर. प्रत्येकाला सर तोंडावर सांगायचे, बाबा, तुला पाणीसुद्धा मिळेल, नको असेल तर नाही म्हण. कळ सोसेना त्यांना दुखण्याची साधी गोळी होतीच. पडद्यामागे सुई भरायचे मी. सिरिंजला चिकटपट्टी गुंडाळून हातात द्यायचे. आत काय आहे ते मला माहीत, टोचणाऱ्या सरांना नाही.

कोपरगावचा बाबूराव म्हणून एक टेम्पोवाला होता. आला तेव्हा दोघांच्या खांद्यावर, लहान पोरासारखा रडत. महिनाभराने आपल्या पायांनी आला, टोपलीभर पेरू घेऊन, आणि सरांचे पाय धरून म्हणाला, "डॉक्टर, लई गुण हाय तुमच्या हाताला. सुई लागली अन् नस मोकळी झाली बगा." सरांचा चेहरा खुलला. मी मात्र जीभ चावून पेरू धुवायला गेले. बाबूरावला मीठपाणी दिलं होतं.

शेवटी हिशेब मांडला तेव्हा तिन्ही गट जवळपास सारखेच निघाले. स्टिरॉइडवाले काही जण पहिले थोडे दिवस जरा हलके होते, इतकंच. महिन्याभराने बघितलं तर फरक दिसेना. बहुतेक जण बरे, काही जण तसेच कण्हत, तिन्हीकडे. उलट साखरेचा आजार असलेल्या एकदोघांची साखर सुईने चढली होती. सरांनी सगळं पुन्हा तपासलं, मलाही तपासायला लावलं. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं लोक पाया पडत होते ते कशाच्या, असं काहीतरी पुटपुटले. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी सुई बंद केली. हिंडतंफिरतं राहा, धीर धरा, बहुतेकांचं आपोआप बरं होतं, असं समजावून सांगायला लागले. ऐकतंय कोण! एक म्हातारी माझ्यासमोर सुनेला म्हणाली, "येवढं शिकला अन् सांगतो काय, तर आपोआप बरं हुईल." लोक समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लागले, तो मागेल त्याला सुई द्यायचा. बाकडी ओस पडली. ट्रस्टचे अध्यक्ष येऊन म्हणाले, लोकांना हवी तर द्या की, तुमचं काय जातंय? सर म्हणाले, आता माहीत असून देऊ? वर्षभरात त्यांना तिथून जावं लागलं. स्टेशनाकडे एक खोली घेऊन बसले. मी अधूनमधून जायचे, तर सर एकटेच पेपर वाचत असायचे. मला संताप यायचा, लोकांचा आणि खरं सांगायचं तर सरांचाही. थापच मारायची होती एवढीशी, असं मनात यायचं. पुढे काही वर्षांनी सर हृदयविकाराने गेले, पण माणूस खचला तो त्या खोलीतच.

तिथे असतानाच त्यांना सायटिका झाला. निरोप आला, दोन्ही घेऊन या, स्टिरॉइड आणि मीठपाणी. गेले तर सर पलंगावर आडवे, शर्ट घामाने भिजलेला. म्हणाले, "भरा. काय भरलंत ते सांगू नका." मी पाठ फिरवून भरलं, चिकटपट्टी गुंडाळली, टोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. कळ तसूभर कमी नव्हती. मला बघून सर कोपरावर उठायला लागले. ओपीडीतल्या पेशंटच्या डोळ्यांत असायची तीच आशा त्यांच्या डोळ्यांत होती.

"पाणीच भरलंत ना काल?" त्यांनी विचारलं. "चांगलं केलंत. आता खरी द्या."

थाप मारायला तोंड उघडलं होतं मी. पण या माणसासमोर जमेना.

"सर, खरीच होती."

ते पुन्हा आडवे झाले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते म्हणावं असं वाटलं, म्हटलं नाही. सर म्हणाले, "म्हणजे आपलं बरोबरच होतं."

मी नुसती मान हलवली.

"चुकलो असतो तर बरं झालं असतं हो, सिस्टर."