नववा प्रश्न, उत्तर क

आमच्या वन्संना कामावरून काढलं ते नीतिमत्ता नाही म्हणून. कागदावर ठळक अक्षरांत तसंच लिहिलंय, 'नैतिक आचारसंहितेचा गंभीर भंग'. एकोणीस वर्षांत ज्या बाईनं कारखान्यातली सुईसुद्धा घरी आणली नाही, तिच्याबद्दल! सांगायला बसले की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा मधेच आवाज चढला तर चढू दे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. मी नवी नवी आले तेव्हा मला त्यांचा धाक वाटायचा, कारण त्या हाती आलेला प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. औषधाच्या खोक्यातली ती घडी घातलेली चिठ्ठी कोणी वाचतं का? वन्सं वाचायच्या, आणि वर मला वाचून दाखवायच्या.

त्यांनीच मला कारखान्यात लावलं. कारखाना म्हणजे एक लांबट हॉल. शिलाई मशीनच्या चार रांगा, बेचाळीस बायका, आणि मागच्या टोकाला चिकटवायचं टेबल. तिथं सोल्युशनचे डबे उघडे असतात, त्याचा वास केसांत बसतो तो धुऊनही जात नाही. आम्ही प्रवासी बॅगांचे पट्टे शिवतो. बॅगा एका बड्या कंपनीच्या, आमचे मालक तिचे पुरवठादार. त्या कंपनीत आम्हाला काळं कुत्रं विचारत नाही, पण आमच्या वर्तणुकीची तिला भारी काळजी.

चिकटवायच्या टेबलामागे एक दार आहे. पलीकडे संडास आणि मोकळी जागा. त्या दाराला कायम कुलूप, आणि किल्ली मुकादमाच्या गळ्यात. मुकादमाला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण कोण किती मिनिटं आत होतं हे त्याला तोंडपाठ. जायचं असेल तर त्याच्यासमोर उभं राहायचं. "आत्ताच जाऊन आलीस ना?" हे तो पन्नाशीच्या बाईलाही सगळ्यांदेखत विचारणार. कंपनीचे तपासणीवाले यायचे त्या दिवशी मात्र कुलूप गायब आणि दाराशी फुलझाडाची कुंडी.

मग कंपनीनं संगणकावरचं प्रशिक्षण काढलं. वीस प्रश्न, प्रत्येकीनं आपापले सोडवायचे. सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही. मालकांनी वन्संना केबिनमध्ये बोलावलं. "ताई, तुम्ही वाचणाऱ्या. या सगळ्याजणींना मशीनवरून कुठं उठवू? तुम्हीच सगळ्यांचं उरकून टाका."

वन्सं नाही म्हणाल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जो अहवाल आला त्यात ते नाही. मग आम्ही सगळ्या त्यांच्या मागे लागलो. मी तर घरची. "वन्सं, माझंही करून टाका ना, मला पट्टे संपवायचेत," असं मीच म्हटलं. कुठून मेलं तोंडातून निघालं!

सकाळी बसल्या त्या सुटीच्या भोंग्यापर्यंत. बेचाळीस वेळा तेच वीस प्रश्न. ते मराठी कुठल्या यंत्रातून पिळून काढलं होतं कोण जाणे. नववा प्रश्न मला पाठ आहे. 'आपण अनैतिक वर्तन साक्षीदार करता तेव्हा आपण काय कराल?' अ, दुर्लक्ष. ब, मैत्रिणींशी चर्चा. क, निर्भयपणे साहाय्यवाणीवर बोलाल. बरोबर उत्तर क. वन्संनी ते सांगितल्यापासून आमच्यात थट्टाच सुरू झाली. कोणी कात्री पळवली की "थांब, तुझं क करते!"

विसावा प्रश्न थट्टेचा नव्हता. 'माझ्या कामाच्या जागी आणीबाणीचे दरवाजे उघडे असतात.' वन्संनी 'नाही' दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'चुकीचे उत्तर. पुन्हा प्रयत्न करा.' मालक म्हणाले, "हो दाबा, ताई. तपासणीला उघडंच असतं की!" वन्संनी 'हो' दाबलं. बेचाळीस वेळा.

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "अगं, त्यात सगळं लिहिलंय. दार उघडं हवं, जायला परवानगी लागू नये. मालकांनी सही करून कबूल केलंय."

"वन्सं, ते नुसतं लिहायचं असतं."

"मग वाचायचं कुणी?"

मला तेव्हा हसू आलं होतं, याची आता लाज वाटते.

दोन महिन्यांनी भर दुपारी पंख्याच्या बटणातून ठिणगी उडाली आणि चिकटवायचं टेबल पेटलं. मागच्या रांगेतल्या बायका दाराकडे धावल्या. कुलूप! आणि घड्याळ चहाला गेलेला, किल्ली गळ्यात घालून. आम्ही धुरात एकमेकींवर कोसळत पुढच्या दारानं बाहेर पडलो. वन्संनी आणि आणखी दोघींनी ओली पोती टाकून आग विझवली. चिकटवणारीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ती "दार उघडा, दार उघडा" ओरडत होती ते अजून माझ्या कानांत आहे. दुसऱ्या दिवशी भिंतीला चुना लागला आणि दाराला तेच कुलूप.

वन्संनी क केलं. जेवणाच्या सुटीत फाटकाशी उभं राहून साहाय्यवाणीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली म्हणे. "आपण पुढं आलात याचा आम्हाला अभिमान आहे." नाव सांगणं सक्तीचं नव्हतं. वन्संनी नाव सांगितलं, कामगार क्रमांक सांगितला, कारण उत्तरात 'निर्भयपणे' असा शब्द होता आणि त्यांनी तो वाचला होता.

तीन आठवड्यांनी कंपनीचे दोन साहेब आले. दाराशी कुंडी होतीच. साहेब संगणकापाशीच बसले. बेचाळीस जणींचं प्रशिक्षण एकाच दिवशी, एकाच संगणकावर, एकामागोमाग एक कसं? मालकांनी हात झटकले. "मला कल्पनाच नव्हती हो, साहेब." वन्सं खोटं बोलल्या नाहीत. "मी केलं," म्हणाल्या.

अहवाल आला, मालकांनी तो भिंतीवर लावला. पहिला मुद्दा, तक्रारदार महिलेनं बेचाळीस कामगारांची उत्तरं खोटी भरली, सबब बडतर्फ. दुसरा मुद्दा, दरवाजे उघडे असल्याचं बेचाळीस कामगारांनी स्वतः प्रमाणित केलं आहे, सबब तक्रारीत तथ्य नाही. मी ते दोनदा वाचलं. तीच उत्तरं खोटी म्हणून वन्संना घालवलं आणि तीच खरी म्हणून कुलूप ठेवलं! जनाची नाही तर मनाची तरी काही!

प्रशिक्षण पुन्हा घ्यायचं ठरलं. आता संगणकावर कॅमेरा, प्रत्येकीनं स्वतः बसायचं. पहिला नंबर माझा, मागे चाळीसजणी रांगेत. विसाव्या प्रश्नाला मी 'नाही' दाबलं. चुकीचे उत्तर. पुन्हा 'नाही'. पुन्हा लाल अक्षरं. पाच वेळा झालं तेव्हा मालक म्हणाले, "हो दाब ना, बाई!"

"कुलूप द्या."

"काय?"

"कुलूप माझ्या हातात द्या, हो दाबते. खोटं उत्तर दिलं तर काढून टाकतात, तुम्हीच भिंतीवर कागद लावलाय."

मालकांनी रांगेकडे पाहिलं. चिकटवणारीनं भाजलेला हात वर केला. "मीपण 'नाही'च दाबणार." तिच्यामागची सगळी रांग तशीच अडून राहिली. ऑर्डर अडकलेली. मालकांनी घड्याळाला हाक मारली. त्यानं गळ्यातली दोरी काढली तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. कुलूप आणि किल्ली दोन्ही माझ्या पदरात पडल्यावर मी 'हो' दाबलं. हिरवी अक्षरं आली, 'अभिनंदन'.

ते कुलूप मी घरी आणून वन्संपुढं ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"कंपनीची मालमत्ता घरी नेणे," त्या म्हणाल्या. "प्रश्न चौदा. उत्तर ब, गंभीर गैरवर्तन." आणि हसायला लागल्या. काढून टाकल्यापासून पहिल्यांदाच हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला नाही हसू आलं.

कुलूप आमच्या फळीवर आहे. मागचं दार आता उघडं असतं, वारा येतो, कोणी कोणाला विचारत नाही. एक्केचाळीसजणी त्यातून ये-जा करतो. ज्यांनी ते उघडायला लावलं, त्यांना पुढच्या फाटकातूनसुद्धा आत घेत नाहीत.