काकू आणि संतांचा पेशंट

जगात नीट उभा राहणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं आमच्या शेजारच्या काकूंचं ठाम मत आहे. काकू फिजिओथेरपिस्ट. शारजात, अल नहदामधल्या आमच्या इमारतीत लिफ्टचं दार मिटलं की यांचा दवाखाना उघडतो. "खांदे मागे!" मग समोर मी असो, पिझ्झावाला असो की पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले कुणी अरब गृहस्थ. त्या गृहस्थांनी तर निमूट खांदे मागे घेऊन वर "शुक्रन" म्हटलं.

अबुधाबीच्या संग्रहालयात युरोपातून एक बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या भपकेबाज शैलीचं चित्र आलं होतं; ते बघायला मी, माझी मुलगी आणि काकू गेलो. चर्चच्या वेदीमागे लावायचं, त्यामुळे उंची दोन मजली म्हणावी अशी. खाली एक संत नुसत्या बोटाने पांगळ्याला उठवतोय आणि वर सोनेरी ढगांत देवदूतांची दाटी. लोक भारावून बघत होते; काकू पांगळ्याचा गुडघा तपासत होत्या. "असं एकदम उभं करतात? आणि कुबड्यासुद्धा फेकल्या मेल्याने!"

"आजी, इट्स अ मिरॅकल," माझी मुलगी म्हणाली.

"मिरॅकल नंतर. आधी वॉर्म-अप."

पण पांगळ्यामागे हात पसरून एक बाई उभी होती, बहुधा त्याची बायको. तिच्यापाशी आल्यावर काकू गुडघा तपासायचा विसरल्या. कारण मला ठाऊक होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर काका व्हीलचेअरवर होते. साऱ्या इमारतीला चालवणाऱ्या काकूंना घरात मात्र काकांकडून एकच उत्तर मिळे, "आता खलास."

पुढच्या शनिवारी काकूंनी मला गाडी काढायला लावली आणि काकांनाच त्या चित्रासमोर नेऊन बसवलं.

काका बघत राहिले. म्हणाले, "त्याचं बरंय. त्याच्याजवळ संत आहे."

"तुमच्याजवळ मी आहे. उठा."

काकांनी एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग काकूंच्या खांद्यावर हात रोवून ते थरथरत उठले. गार्ड "सर, सर!" करत धावत आला आणि त्यानेही दुसरा हात धरला.

"पहिल्यांदा एवढं बस झालं," काकू म्हणाल्या. "बसा आता."

"थांब गं," काका मान वर करून म्हणाले, "अजून वरचे देवदूत बघायचेत."

काकूही वर बघू लागल्या, पण त्यांचा चष्मा इतका भिजला होता की त्यांना देवदूत दिसले नसावेत.