शनिवारची तेलाची भाकरी

माझ्या जेठांवरचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावावरचा राग मी सोडलेला नाही. सोडणारही नाही.

आमचं कुत्रं काळंकुळकुळीत, आणि जेठांना साडेसाती लागलेली. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली भाकरी घालावी. लोणखेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांना कुत्रं शोधत हिंडावं लागलं नाही.

कुत्रं वर्षभर झडत चाललं होतं. जंताची औषधं झाली, जुलाब काही थांबेनात. शहाद्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सुरतला पाठवलं. रिपोर्टवर बोट ठेवून त्यांनी मला एकेक समजावलं. अल्ब्युमिन कमी, म्हणजे सुजलेल्या आतड्यातून प्रथिनं गळतायत. बी-१२ कमी, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. सीआरपी वाढलेलं, म्हणजे सूज अजून चालूच आहे. आजार जुना होता. औषधासोबत फक्त मासे आणि भात द्यायचा, दुसरा घासही नाही. अल्ब्युमिन आणखी उतरलं तर हातचं जाईल, असं ते स्पष्ट म्हणाले.

घरी सगळ्यांना बजावलं. जेठांनीही मान डोलावली. तरी जुलाब चालूच. मग मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले, तर सगळ्या रविवार-सोमवारी. पुढच्या शनिवारी संध्याकाळी कुत्र्याचं तोंड हुंगलं. तेलाचा वास.

जेठांना विचारलं तर म्हणाले, "त्याले भाकर मी कशाले दिसू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्र्याला घेऊन महिनाभर कोरीटला माहेरी राहिले. रक्त पुन्हा तपासलं. अल्ब्युमिन चढलेलं, सीआरपी उतरलेलं. कुत्रं चक्क कोंबड्यांच्या मागे धावायला लागलं होतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला जेठांचं तोंड बंद करायचं होतं, आणि एका रिपोर्टने ते झालं नसतं. लोणखेड्याला परतल्यावर चार शनिवार मी सकाळीच कुत्र्याची साखळी सोडली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. पाचव्या आठवड्यात रक्त दिलं.

रिपोर्ट आला त्या दिवशी सगळं घर ओसरीवर होतं. मी दोन्ही कागद जेठांसमोर ठेवले.

"दादा, तुमनं पुण्य त्याना पोटमा टिकी नई ऱ्हायनं. सगळं बाहेर पडी ऱ्हायनं. शनीले काय पोचनं आसेल?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तो चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं.

त्या रिपोर्टमधलं अल्ब्युमिन पहिल्या वेळेपेक्षाही खाली होतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. नऊ दिवसांनी कुत्रं गेलं. जेठांनी स्वतः खड्डा खणला. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. भाऊबंदांत आजही त्यांना कुत्रं मारणारा म्हणतात, आणि ते खाली मान घालून ऐकून घेतात.

साखळी मी सोडत होते, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.